मर्क्युरिक रिडक्टेजवर काम करताना या चुका टाळा

मर्क्युरिक रिडक्टेज, म्हणजेच मेर-ए, हे पाऱ्याला दाद न देणाऱ्या जिवाणूंचं एन्झाइम. एनएडीपीएच या पेशीतल्या इलेक्ट्रॉनवाहक रेणूकडून आलेले दोन इलेक्ट्रॉन ते एफएडीमार्फत (एन्झाइममध्येच बसलेला सहाय्यक रेणू) द्विसंयुजी पाऱ्याला देतं आणि उडून जाणारा धातुरूप पारा तयार होतो. काम एका ओळीत सांगून होतं, म्हणून बरेच जण पुढचं वाचतच नाहीत. खालच्या बहुतेक चुका त्या घाईतून होतात.

थायॉल न घालता मोजणं

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. थायॉल म्हणजे गंधक-हायड्रोजन गट असलेलं संयुग. "एन्झाइमला पारा हवा, मग थायॉल कशाला?" असं म्हणून क्युव्हेटमध्ये (शोषण मोजायच्या पारदर्शक नळीत) नुसता मर्क्युरिक क्लोराइड टाकला जातो. पुढचा क्रम ठरलेला आहे. ३४० नॅनोमीटरवरचं शोषण, म्हणजे किती एनएडीपीएच उरलं त्याचं माप, सुरुवातीला जरा उतरतं आणि मग रेघ आडवी होते. पारा कमी पडला असं वाटून आणखी पारा टाकला जातो, तर रेघ अधिकच सपाट होते. मग एन्झाइम वाढवलं जातं. पुन्हा थोडी घसरण, पुन्हा थांबणं. संध्याकाळी वहीत "एन्झाइम अस्थिर" अशी नोंद होते आणि चांगलं शुद्ध केलेलं प्रथिन टाकून दिलं जातं.

प्रथिनात दोष नसतो. पेशीत पारा मोकळा फिरत नाही, तो दोन थायॉलांच्या गंधकांमध्ये धरलेला असतो आणि हे एन्झाइम तसाच पारा हाताळतं. मोकळा पारा मात्र सक्रिय जागेतल्या सिस्टीनांना (गंधक असलेल्या अमिनो आम्लांना) चिकटून बसतो, आणि त्याला तिथून सोडवणारं मिश्रणात काहीच नसतं.

माझी पद्धत अशी: ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ७.४, त्यात थायॉल म्हणून १ मिलिमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल, मग १०० मायक्रोमोलर मर्क्युरिक क्लोराइड, मग २०० मायक्रोमोलर एनएडीपीएच, आणि एन्झाइम सर्वांत शेवटी. थायॉल पाऱ्याच्या दहापट ठेवावं. कागदावर दुप्पट पुरतं, पण मर्कॅप्टोइथेनॉलचं पातळ द्रावण हवेत ऑक्सिडाइज होत जातं. ते रोज ताजं करा. गेल्या आठवड्याची बाटली वापरून वाचलेली पाच मिनिटं नंतर अख्खा दिवस खातात.

प्रयोगशाळेत नेहमी वापरलं जाणारं दुसरं थायॉल, डीटीटी, त्याने भागेल असं समजू नका. त्याचे दोन्ही गंधक एकाच रेणूवर असल्याने ते पारा फार घट्ट धरतं, आणि त्यात मोजलेल्या वेगाची तुलना एकच गंधक असलेल्या थायॉलमधल्या वेगाशी करता येत नाही. टीसीईपी हे दुसरं क्षपणक तर थायॉलच नाही.

कोरं वाचन न घेणं

पारा नसतानाही हे एन्झाइम ऑक्सिजनवर थोडं एनएडीपीएच खर्च करतं. त्यामुळे दोन वाचनं हवीतच: एक पाऱ्याशिवाय, एक एन्झाइमशिवाय. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये २०० मायक्रोमोलर एनएडीपीएचचं शोषण १.२४ च्या आसपास यायला हवं. ०.९ आलं तर साठा खराब झाला आहे, पुढे जाऊ नका. एनएडीपीएच आम्लात झपाट्याने नासतं आणि फॉस्फेटमध्येही फार टिकत नाही. साठा किंचित अल्कधर्मी द्रावणात, बर्फावर ठेवा.

एकच साखळी घेऊन डॉकिंग करणं

डॉकिंग म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसतो हे संगणकावर पाहणं. याबद्दल कितीही सांगितलं तरी कमीच. मेर-ए दोन सारख्या साखळ्यांचं असतं आणि एकेक सक्रिय जागा दोन्ही साखळ्यांनी मिळून बनते. टीएन५०१ या ट्रान्स्पोझॉनमधल्या (जागा बदलणाऱ्या डीएनए तुकड्यातल्या) मेर-एमध्ये एफएडीजवळची जोडी सिस्टीन १३६ आणि १४१ ची. पारा आधी धरणारी जोडी ५५८ आणि ५५९ ची, आणि ती शेजारच्या साखळीच्या शेपटीवर असते. एकच साखळी घेतली की पारा आत सोपवणारी जोडीच गायब होते. तरीही संगणक आकडा देतो, तो सुबकही दिसतो, आणि नेमकं तेच घातक आहे. दोन्ही साखळ्यांची पूर्ण जोडी (डायमर) घ्या.

याच शेपटीमुळे साखळीच्या शेवटच्या, सी-टोकाला हिस्टिडीन टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेला तुकडा) लावू नका. ५५९ नंतर साखळीत फक्त दोन अमिनो आम्लं उरतात, म्हणजे टॅग थेट कामाच्या जागेला खेटतो. टॅग सुरुवातीच्या, एन-टोकाला लावा आणि कापून काढता येईल असा ठेवा.

क्रमांकांचाही घोळ होतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली स्फटिक रचना बॅसिलसच्या एन्झाइमची आहे; तिथे याच चार सिस्टीनांचे क्रमांक २०७, २१२, ६२८, ६२९ आहेत. कोणत्या जिवाणूचा क्रमांक हे लिहिल्याशिवाय म्युटेशनचं नाव देऊ नका.

थोडक्यात आणखी काही

सीव्हीएनव्हीजीसी हा अमिनो आम्लांचा क्रम दिसला म्हणून जनुकाला मेर-ए म्हणू नका. ग्लुटाथायॉन रिडक्टेजमध्येही तो असतो. शेपटीतली सिस्टीनांची जोडी तपासा.

मिथिल पारा मेर-ए तोडत नाही. कार्बन आणि पारा यांच्यातला बंध मेर-बी हे दुसरं एन्झाइम तोडतं, मेर-ए त्यानंतर कामाला लागतं.

सक्रिय एन्झाइमची संहती एकूण प्रथिनावरून नको, एफएडीवरून काढा. प्रथिन एसडीएस या डिटर्जंटने उलगडून ४५० नॅनोमीटरवर मोजा; मोकळ्या एफएडीचा शोषण-गुणांक दर मिलिमोलर, दर सेंटिमीटर ११.३. एफएडी न बसलेलं प्रथिन वजनात मोजलं जातं, काम मात्र करत नाही.

जिवाणूंची पारारोधकता एलबी या नेहमीच्या वाढ-माध्यमात तपासली तर आकडा फुगतो, कारण यीस्टच्या अर्कातले थायॉल पारा बांधून ठेवतात.

आणि पारा "नष्ट" होत नाही, क्युव्हेटमधून वाफ होऊन तुमच्या खोलीत येतो. मोजणी संपली की क्युव्हेट फ्यूम हूडमध्येच रिकामं करा, कचरा झाकणबंद बाटलीत वेगळा ठेवा. बफरमध्ये सोडियम अझाइड असेल तर तो या कचऱ्यात मुळीच मिसळू नका; पाऱ्याचं अझाइड स्फोटक असतं.