बी खोटं नसतं, वेळ चुकते: सॅलडची पानं आणि औषधी रोपं बियांपासून वाढवताना या चुका टाळा

गणपती गेले की आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत ग्रिलमधल्या कुंड्या धुवायला निघतात. पावसाळ्यात सडलेलं काढायचं, नवी माती भरायची आणि हौसेने मागवलेली बियांची पाकिटं फोडायची. मग ऑक्टोबरच्या मध्यावर निरोप येतो: ‘ताई, बी खोटं निघालं. पंधरा दिवस झाले, एक कोंब नाही.’ मी आधी एकच विचारते, पेरलं कधी? बी बहुतेक वेळा चांगलंच असतं. ते ठाण्याच्या ऑक्टोबरमध्ये पेरलेलं असतं, एवढंच.

ऑक्टोबर हीटमध्ये लेट्यूस

लेट्यूस मुळात थंडीत उगवणारं पीक. त्याचं बी ओल्या पण गरम मातीत पडलं की उगवायचं सोडून झोपी जातं. माती साधारण २८-३० अंशांच्या वर गेली की बहुतेक वाणांची उगवण घसरते. आपल्याकडे ऑक्टोबरात दुपारी पारा ३५ अंशांपर्यंत जातो, आणि ग्रिलच्या पत्र्यावर ठेवलेला काळा ट्रे हवेपेक्षाही तापतो. वाईट भाग असा की उष्णतेने एकदा झोपलेलं बी नंतर गारवा मिळाला तरी लगेच जागं होत नाही. म्हणून ‘आता थंडी पडली, आता येईल’ असं म्हणत त्याच ट्रेला महिनाभर पाणी घालत बसू नका. नवं बी घ्या.

सोपा उपाय म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबायचं. तेवढा धीर नसेल तर स्टीलच्या डब्यात ओला टिश्यू अंथरा, त्यावर बी पसरा, झाकण लावा आणि दोन-तीन दिवस फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. मग डबा घरातल्या सगळ्यात गार खोलीत आणा. एक-दोन दिवसांत बियांच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं पांढरं मूळ दिसतं. ते दिसलं की ओल्या टूथपिकने एकेक बी उचलून मातीवर ठेवायचं. मातीवर म्हणजे अगदी वरच. लेट्यूसच्या बऱ्याच वाणांना उगवायला उजेड लागतो. बोटभर खोल दाबलेलं बी मी कधी वर आलेलं पाहिलेलं नाही. वरून चिमूटभर चाळलेलं गांडूळखत पुरे.

पाकिटावर ‘मार्च-एप्रिलमध्ये पेरा’ लिहिलेलं असतं, त्याकडेही दुर्लक्ष करा. तो वसंत युरोप-अमेरिकेतला. आपल्या मार्चमध्ये लेट्यूस मधला दांडा उंच काढून फुलावर येतं आणि पानं कडू होतात. ठाणे-नवी मुंबईत पेरणीचा काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. जुन्या परदेशी वाणांपैकी ‘ब्लॅक सीडेड सिम्पसन’ हे सुट्या पानांचं आणि लवकर तयार होणारं, त्यामुळे आपल्या छोट्या हिवाळ्यात बसतं. ‘रूज दीवेर’ या फ्रेंच वाणाच्या नावातच हिवाळा आहे. ते फार तर डिसेंबरात पेरून बघा.

आणि बाकीच्या महिन्यांत? इथे मला मनापासून वाटतं की आपण हाताशी असलेलं सोडून लांबचं शोधतो. लाल माठाला ऊन आवडतं, मायाळूला पावसाळा मानवतो. माठाची बोटाएवढी कोवळी पानं कोशिंबिरीत छान लागतात. मुंबईच्या बाजारात वाळूत वाढवलेल्या बारीक मेथीच्या मुळांसकट जुड्या येतात ना, समुद्र मेथी म्हणतो ती, तीच आपली जुनी सॅलडची पानं. पसरट ट्रेमध्ये वाळू आणि गांडूळखत मिसळून मेथीदाणे दाट पेरले की दोन-तीन आठवड्यांत ती घरी तयार होते.

रोपं रात्रीत आडवी पडतात

उगवण झाली की दुसरा घोळ. संध्याकाळी ताठ उभी असलेली रोपं सकाळी आडवी. जवळून पाहा: मातीला टेकतो तिथे देठ दोऱ्यासारखा बारीक, पाणचट आणि तपकिरी झालेला असतो. वरची दोन पानं मात्र अजून हिरवीगार. हा रोपं कोलमडण्याचा रोग, पिथियम आणि रायझोक्टोनियासारख्या मातीतल्या बुरशींमुळे होणारा. आपण मात्र रोपं सुकली समजून अजून पाणी ओततो आणि उरलेलीही जातात.

आपल्या दमट हवेत कारणं नेहमीची: फार दाट पेरणी, सतत ओली माती, बंद हवा आणि जुन्या कुंडीतली तीच माती. पडलेली रोपं वाचत नाहीत. त्यांच्या आसपासच्या मातीसकट ती काढून टाका, ट्रे वारा खेळेल तिथे हलवा आणि पाणी वरून घालणं थांबवा. ट्रे पाण्याच्या ताटात ठेवा, माती खालून पाणी ओढू दे, अर्ध्या तासाने उरलेलं पाणी ओतून द्या. मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नाही. पेरणीच्या मिश्रणात थोडी ट्रायकोडर्मा पावडर (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) घातली तर बराच फरक पडतो. नुसती नर्सरीची लाल माती ट्रेसाठी नको, ती वर पापुद्रा धरते आणि कोंब अडतो. मी निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि निम्मं चाळलेलं गांडूळखत घेते. विटेसारखं दाबून विकलेलं कोकोपीट भिजवून दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या. त्यातला क्षार धुतला नाही तर कोवळी पानं कडेने करपतात.

रोपं फिकट, काडीसारखी उंच झाली तर उजेड कमी पडतोय. अशा रोपांना खत घालून काही होत नाही. विरळणी करा आणि ट्रे सकाळच्या उन्हात आणा.

औषधी रोपं: सगळीच बियांपासून येत नाहीत

गवती चहा, पानओवा, पुदिना, ब्राह्मी, अडुळसा, गुळवेल यांचं बी शोधण्यात पैसे घालवू नका. गवती चहाच्या बेटातला मुळासकट एक फुटवा, बाकीच्यांची एखादी फांदी किंवा काडी शेजाऱ्यांकडून मागून आणली की काम होतं.

तुळस मात्र बियांपासून उत्तम. मंजिरी पूर्ण तपकिरी झाल्यावरच चोळा, हिरव्या मंजिरीतलं बी कच्चं असतं. बी मातीवर भुरभुरायचं, झाकायचं नाही. एक ते दोन आठवडे लागतात, तोवर माती उकरून बघू नये. सरबतात घालतो तो सब्जा वेगळ्या तुळशीचा, त्यातून वृंदावनातली तुळस उगवणार नाही.

अश्वगंधा हा कोरड्या मुलखातला. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडे त्याची शेती होते. आपल्या जुलैत त्याची मुळं कुजतात, म्हणून पाऊस ओसरल्यावर पेरा आणि खोल, भरपूर भोकांची कुंडी द्या. घरी वाढलं म्हणजे मनाने घ्यावं असं मात्र नाही. अश्वगंधा गरोदरपणात टाळायचा असतो, आणि चालू औषधांबरोबर कुठलाही काढा घेण्याआधी वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारायलाच हवं.

दोन गोष्टी पटकन. गुलाबी-निळा रंग लावलेलं बी बुरशीनाशक चोळलेलं असतं, त्याचे मायक्रोग्रीन्स, म्हणजे आठ-दहा दिवसांचे कोवळे कोंब, करून खाऊ नका. आणि ग्रिलवर कबुतरं बसत असतील तर आधी जाळी, मग सॅलड. कच्ची खायची पानं आहेत ही.

बी जपताना

एफ-१ हायब्रिडचं, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकराच्या पहिल्या पिढीचं, बी धरलं तर पुढच्या पिढीत रोपं सारखी येत नाहीत. गावठी किंवा जुन्या वाणाचं बी धरता येतं, हेच त्याचं मोल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावठी बियाणं राखलं. त्यांना आपण बीजमाता म्हणतो, आणि २०२० च्या पद्मश्रींमध्ये त्यांचं नाव होतं. आपली बाल्कनी त्यांच्या बियाणे बँकेपुढे काहीच नाही, पण काम तेच.

आपल्याकडे बी मरतं ते पावसाळ्यात. कागदी पाकीट जूनपासून हवेतला ओलावा ओढत राहतं. जुना ठोकताळा असा की बियांतला ओलावा १ टक्क्याने कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान ५ अंशांनी उतरलं तरी तेच. म्हणून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. पेरणीआधी २० बिया ओल्या टिश्यूवर ठेवून बघा. दहाच उगवल्या तर दुप्पट पेरा, पाचच्या खाली आल्या तर ते बी सोडून द्या.

लेट्यूसचं बी धरणं तर नवख्यालाही जमतं, कारण फुलं स्वतःच्याच परागाने फळतात. माठाचे पराग वाऱ्याने जातात, त्यामुळे लाल आणि हिरवा जवळजवळ असतील तर मिसळतात. लेट्यूसमधलं फेब्रुवारीत सगळ्यात उशिरा फुलावर येणारं, सगळ्यात गोड राहिलेलं एक झाड निवडा आणि त्याची पानं तोडू नका. पिवळी फुलं येऊन गेली की पंधरा-वीस दिवसांत कापसासारखे झुबके दिसतात. दुपारी कोरड्या हवेत झाड कागदी पिशवीत वाकवून हलवायचं, रोज थोडं, कारण सगळं एकदम पिकत नाही. चाळून सावलीत आठवडाभर वाळवा, वाण आणि साल लिहिलेली चिठ्ठी टाका. मे संपायच्या आत ते बरणीत गेलेलं असलं पाहिजे.