एरोस्पेसमधील पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन: तयारी कशी करावी

एरोस्पेस इंजिनिअरिंगमध्ये पदवीनंतर पुढे शिकायचे ठरले की बहुतेक विद्यार्थी पहिल्यांदा विद्यापीठांच्या याद्या चाळू लागतात. माझ्या मते विद्यापीठाचा विचार बराच नंतर यायला हवा. कोणती पदवी हवी आहे, कोणत्या प्रश्नावर काम करायचे आहे आणि ते काम रोजच्या रोज कसे दिसते, हे आधी स्पष्ट व्हावे, कारण पीएचडीचा विषय पुढची चार-पाच वर्षे तुमच्या डोक्यात राहणार असतो.

पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन तऱ्हांचे असतात. काहींमध्ये मुख्यतः वर्ग आणि परीक्षा असतात, तर काहींमध्ये निम्म्याहून अधिक वेळ प्रबंधासाठी दिलेला असतो. उद्योगात डिझाइन, चाचणी किंवा प्रमाणीकरणाचे काम करायचे असेल, तर पहिला प्रकार पुरेसा ठरतो. संशोधनाची ओढ आहे पण खात्री नाही, अशांनी प्रबंध असलेला अभ्यासक्रमच निवडावा. महिनोन्‌महिने उत्तर न सापडणाऱ्या प्रश्नासोबत राहणे आपल्याला मानवते का, हे पीएचडीला नाव घालण्यापूर्वी कळण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

शाखा निवडताना एरोडायनॅमिक्स, संरचना, प्रॉपल्शन, उड्डाणगतिकी व नियंत्रण आणि अंतराळगतिकी ही नेहमीची विभागणी समोर येते. परंतु दिवस कसा जातो, या दृष्टीने अधिक महत्त्वाची विभागणी प्रयोग, संगणन आणि सिद्धांत अशी आहे. ज्वलनावरच काम करणाऱ्या दोघांपैकी एक जण लेझर आणि प्रेशर सेन्सर जुळवत असतो आणि दुसरा सुपरकॉम्प्युटरच्या रांगेत लावलेले काम संपण्याची वाट पाहत असतो. विषय आवडला तरी त्यातली रोजची कामे आवडतीलच असे नाही, म्हणून त्या क्षेत्रातील शोधनिबंध वाचताना निष्कर्षांइतकेच लक्ष पद्धतीच्या भागाकडे द्यावे.

प्रश्न निवडताना तो लहान असण्याची भीती बाळगू नये. पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेल्या सतीश धवन यांनी १९५१ मध्ये अमेरिकेतील कॅल्टेक या संस्थेतून हान्स लीपमन यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी पूर्ण केली, त्या काळातील त्यांचे काम पृष्ठभागावरून वाहणाऱ्या हवेचे घर्षण थेट मोजण्याचे होते. सपाट पट्टीचा एक छोटा तुकडा उरलेल्या पट्टीपासून सुटा ठेवायचा आणि प्रवाहामुळे त्यावर येणारे अतिशय सूक्ष्म बल मोजायचे, अशी ती पद्धत होती. प्रश्न एका वाक्यात मांडता येतो. पण त्या तुकड्याभोवतीची फट किती असावी, तुकडा पट्टीच्या पातळीत नेमका बसला आहे हे कसे तपासावे, दाबातील फरकामुळे येणारे खोटे बल कसे वेगळे करावे, अशा बाबींतच अशा मापनाची खरी कसोटी असते. प्रान्टल यांनी १९०४ मध्ये मांडलेली सीमास्तराची (पृष्ठभागालगतच्या, घर्षणाने मंदावलेल्या पातळ थराची) कल्पना आणि तिच्यावर आधारलेले ब्लासियस यांचे १९०८ मधील गणिती उत्तर हाताशी असल्यामुळे अशा प्रयोगाचा निकाल निदान साध्या, कमी वेगाच्या प्रवाहात पडताळून पाहता येतो. ज्याचे उत्तर अगोदर माहीत आहे अशा ठिकाणी आपले साधन आधी तपासायचे आणि मगच अज्ञाताकडे वळायचे, ही शिस्त या क्षेत्रातील संशोधनाचा कणा आहे.

ही शिस्त प्रवेशाआधीच अंगी बाणवता येते. प्रवाहाच्या संगणनात रस असेल त्यांनी ओपनफोम किंवा एसयू२ यांसारखे मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे आणि रेनॉल्ड्स संख्या (प्रवाहातील जडत्व आणि चिकटपणा यांच्या प्रभावाचे गुणोत्तर) १०० असताना वर्तुळाकार दंडगोलाभोवतीचा प्रवाह सोडवावा. हीच संख्या निवडण्याला कारण आहे. साधारण ४७ च्या पुढे दंडगोलामागे आळीपाळीने भोवरे सुटू लागतात, आणि साधारण १९० च्या पुढे प्रवाह त्रिमितीय होतो. त्यामुळे १०० ला भोवरेही मिळतात आणि द्विमितीय गणितही प्रामाणिक राहते. भोवरे सुटण्याची वारंवारता दर्शवणारी स्ट्रौहाल संख्या ०.१६ ते ०.१७ च्या दरम्यान आली पाहिजे. ती आली म्हणून थांबू नये. मेश (गणनेसाठी प्रवाहक्षेत्राचे पाडलेले जाळे) दोनदा बारीक करून पाहावे, कालपायरी (गणनेतील वेळेचा टप्पा) निम्मी करावी, बाजूच्या सीमा दूर न्याव्यात आणि प्रत्येक वेळी आकडा किती हलतो ते नोंदवावे. सीमा फार जवळ ठेवल्यास प्रवाह कोंडला जातो आणि दंडगोलावरील ओढ (ड्रॅग) व वारंवारता दोन्ही वाढलेल्या दिसतात. पुढे हेच द्विमितीय गणित रेनॉल्ड्स संख्या ३०० साठी चालवावे: सॉफ्टवेअर विनातक्रार उत्तर देते, रंगीत चित्रही सुबक येते, पण प्रत्यक्ष प्रवाह तोवर त्रिमितीय झालेला असतो. हा फरक ज्याला स्वतः दिसला, तो पुढे कोणत्याही चित्रावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

प्रयोगाकडे ओढा असणाऱ्यांनी अनिश्चिततेचा हिशेब शिकावा. समजा, हवेचा वेग मोजणाऱ्या पिटोट नळीला जोडलेल्या सेन्सरची त्रुटी २ पास्कल आहे. सेकंदाला ३० मीटर वेगाच्या हवेत गतिक दाब (हवेच्या वेगामुळे येणारा दाब) सुमारे ५४० पास्कल असतो, त्यामुळे वेगातील चूक ०.२ टक्क्यांच्या आसपास राहते. वेग ५ मीटरवर आला की तो दाब केवळ १५ पास्कल उरतो आणि त्याच सेन्सरमुळे वेगात जवळपास ७ टक्के चूक येते. विंड टनेल चालवण्याआधी कागदावर केलेला एवढा हिशेब आठवड्यांची मेहनत वाचवतो.

अर्जातील उद्देशपत्रात बालपणापासूनच्या आकाशाच्या आकर्षणाला एका ओळीहून अधिक जागा देऊ नये. त्याऐवजी केलेले एक काम नीट सांगावे: प्रश्न काय होता, उत्तर बरोबर आहे हे कसे तपासले, कुठे अडले आणि पुढे काय करायला हवे. शिफारसपत्रही अशाच व्यक्तीकडून घ्यावे जिने तुम्हाला काम करताना पाहिले आहे. मोठ्या पदावरील पण अनोळखी व्यक्तीचे गुळमुळीत पत्र फारसे कामाचे नसते.

मार्गदर्शकाची निवड मात्र सर्वांत काळजीपूर्वक करावी. त्यांचे अलीकडचे दोन-तीन निबंध वाचावेत, त्यातील एखाद्या नेमक्या मुद्द्यावर प्रश्न विचारणारे छोटे पत्र पाठवावे आणि उत्तर आले नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा विनम्रपणे आठवण करावी. प्रवेश मिळाल्यावर, होकार देण्यापूर्वी त्यांच्या सध्याच्या व माजी विद्यार्थ्यांशी बोलावे. पदवी पूर्ण व्हायला प्रत्यक्षात किती वर्षे लागतात, मार्गदर्शक किती वेळा भेटतात, निबंधाचा मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात, विद्यार्थी पुढे कुठे काम करतात आणि प्रकल्पाचा निधी संपला तर काय होते, हे थेट विचारण्यात संकोच करू नये. परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी. रॉकेट, उपग्रह आणि संरक्षणाशी निगडित तंत्रज्ञानावर अनेक देशांत निर्यात-नियंत्रण असते. अमेरिकेतील आयटार (शस्त्रास्त्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांवरील) नियम त्यांपैकीच आहेत. अशा नियमांखालील प्रकल्पात परदेशी नागरिकाला घेता येत नाही किंवा स्वतंत्र परवानगी लागते, म्हणून आपण ज्या प्रकल्पासाठी जात आहोत तो सर्वांसाठी खुला आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

संशोधन सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी नवे काही शोधण्याची घाई न करता, आपल्या विषयातील एक प्रसिद्ध निकाल स्वतःच्या साधनांनी पुन्हा मिळवून दाखवावा. या कामात प्रयोगशाळेतील उपकरणे, जुना कोड आणि मूळ निबंधात न लिहिलेल्या गोष्टी यांची ओळख होते, आणि निकाल जुळला नाही तर बऱ्याचदा तिथेच नवा प्रश्न सापडतो. प्रत्येक आकृती कोणत्या डेटावरून, कोडच्या कोणत्या आवृत्तीने आणि कोणत्या तारखेला तयार झाली, याची नोंद त्याच दिवशी ठेवावी. निबंध पाठवल्यावर परीक्षकांचे अभिप्राय काही महिन्यांनी येतात; त्या वेळी एखादी आकृती वेगळ्या मेशवर पुन्हा काढून मागितली जाते, आणि तेव्हा ती नोंदच उपयोगी पडते.