अकरा वेबसाइट, एकच लॉगिन

भुसावळला घरून वेबसाइटची कामं घ्यायला लागलो तेव्हा प्रत्येक ग्राहकासाठी वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर, वेगळं बसवायचो. सावद्याचे केळीचे व्यापारी, जळगावचं साड्यांचं दुकान, तीन गावांत शाखा असलेला एक क्लास. बघता बघता अकरा साइट झाल्या. अकरा ठिकाणी लॉगिन करून तेच ते अपडेट मारण्यात माझा अख्खा रविवार जायचा.

म्हणून मल्टिसाइट, म्हणजे एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट चालवणं, शिकलो. जून 2010 मध्ये आलेल्या वर्डप्रेस 3.0 पासून ही सोय आतच आहे. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकली की ‘टूल्स’खाली ‘नेटवर्क सेटअप’ दिसतं. तिथे नवीन माणूस हमखास अडकतो: सबडोमेन (साइटचं नाव मुख्य पत्त्याच्या आधी) घ्यायचं की सबडिरेक्टरी (नाव पत्त्यानंतर, तिरक्या रेघेपुढे)? साइट महिन्याहून जुनी असेल तर वर्डप्रेस सहसा सबडोमेनच घ्यायला लावतं, कारण जुन्या पानांचे पत्ते आणि नव्या साइटचे पत्ते एकमेकांवर आदळू शकतात. मग डीएनएसमध्ये, म्हणजे साइटचं नाव सर्व्हरला जोडणाऱ्या नोंदींत, स्टारची, म्हणजे कुठल्याही सबडोमेनला चालणाऱ्या वाइल्डकार्डची नोंद करावी लागते. माझे दोन दिवस त्या एका स्टारपायी गेले.

हे जमलं की लगेच पुढे पळू नका. पीएचपीमायॲडमिन, म्हणजे डेटाबेस बघायचं साधन, उघडून साइटची माहिती साठवणारा डेटाबेस नीट बघा. दुसऱ्या साइटच्या टेबलांच्या नावात 2 दिसेल, तिसरीच्या नावात 3. पोस्ट वेगळ्या, सेटिंग वेगळ्या. पण युजरचं टेबल सगळ्यांत मिळून एकच, आणि प्लगिनच्या, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या जादा सोयींच्या, फाइलीही एकच. मी हे वाचलं होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

एका सकाळी फॉर्मचा नवा प्लगिन ‘नेटवर्क ॲक्टिव्हेट’ केला, म्हणजे सगळ्या साइटवर एकदम चालू केला, आणि अकराही साइट पांढऱ्या पडल्या. पहिला फोन सावद्याहून: “भाऊ, साइट उघडत नाही, आजचा केळीचा भाव कुठं टाकू?” त्यांचे गिऱ्हाईक भाव बघूनच माल ठरवतात. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदललं तेव्हा साइट परत आल्या. वीस मिनिटं लागली, पण त्या वीस मिनिटांत साडीवाल्या काकांचाही फोन येऊन गेला. त्यांचा केळीशी काय संबंध? तरी दुकान त्यांचंही बंद पडलं.

त्यानंतर मी घडी बदलली. क्लासच्या तिन्ही शाखा मल्टिसाइटवरच ठेवल्या. मालक एक, शिक्षक तेच, रूपही एकच. बाकी ग्राहकांच्या साइट पुन्हा वेगवेगळ्या केल्या आणि मेनडब्ल्यूपी या अनेक साइट एकत्र सांभाळायच्या प्लगिनच्या डॅशबोर्डला जोडल्या. प्रत्येक साइटवर त्याचा छोटा चाइल्ड प्लगिन बसतो, अपडेट एका पडद्यावरून होतात, आणि एक साइट बिघडली तरी दुसरीला धक्का लागत नाही. मल्टिसाइटच्या नेटवर्कमधून साइट बाहेर काढणं मात्र किचकट आहे: टेबलांची नावं, युजर, फोटोंचे फोल्डर, सगळं हाताने जुळवावं लागतं. तेव्हा साइट आत घेण्याआधीच ग्राहकाला विचारा, उद्या ती दुसरीकडे न्यायचा विचार आहे का. आणि नवा प्लगिन आधी सरावाच्या साइटवर एकटा चालू करून पाहा, बॅकअप घेतल्यावर. सावद्याचा भाव लागून जाईपर्यंत मी सकाळी कशालाही हात लावत नाही.