पोळ्या होईपर्यंत मुलांच्या हाती मेथी

पाळणाघरात दुपारच्या पोळ्या लाटायला घेतल्या, की नेमकी त्याच वेळी मुले ओट्याभोवती घुटमळू लागतात. अशा वेळी स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर, परंतु आपल्या नजरेसमोर, सतरंजी अंथरावी आणि तीन वर्षांवरील प्रत्येक मुलापुढे एक ताटली व धुऊन निथळलेल्या मेथीच्या आठ-दहा काड्या ठेवून, पाने ताटलीत आणि देठ वाटीत टाकायचे, एवढेच सांगावे. मेथी कडू असल्याने ती कोणी फारशी तोंडात घालत नाही. त्याहून लहान मुलांना स्टीलच्या वाट्या आणि झाकणे पुरतात. आवाज होतो, तो सोसावा. मटारच्या शेंगा मात्र सोलायला देऊ नयेत, कारण दाणा नाकात किंवा घशात अडकू शकतो.