फाइल डिलीट करू देणारी त्रुटी : वर्डप्रेस सांभाळताना या चुका टाळा

वर्डप्रेसची साइट उघडली आणि लेखांऐवजी डेटाबेसची माहिती मागणारा सेटअप समोर आला, तर बहुधा डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल (wp-config.php, जिच्यात डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड असतो) जागेवर नाही. ती सापडली नाही की वर्डप्रेस साइट नव्याने बसवायला घेतं, आणि तो फॉर्म पत्ता उघडणाऱ्या कुणालाही दिसतो. हल्लेखोर त्यात स्वतःचा डेटाबेस जोडतो, ॲडमिन होतो आणि प्लगइनच्या (साइटला जोडायच्या जादा कोडच्या) वाटेने हवा तो पीएचपी कोड, म्हणजे वर्डप्रेसच्याच भाषेतला कोड, चालवतो. म्हणून "फाइलच तर डिलीट होते, बॅकअप आहे" असं म्हणून हल्लेखोराला सर्व्हरवरची फाइल डिलीट करू देणारी त्रुटी किरकोळीत काढू नका.

ॲडमिनचा पासवर्ड भक्कम आहे म्हणून निर्धास्त राहणंही चूकच. २०१८ मध्ये उघड झालेल्या त्रुटीला (४.९.६ पर्यंतच्या आवृत्त्या) ऑथरचं, म्हणजे फक्त स्वतःचे लेख लिहिणाऱ्याचं, खातं पुरत होतं. चित्राच्या नोंदीतलं थंबनेलचं नाव ऑथरला बदलता येई आणि चित्र डिलीट करताना वर्डप्रेस त्या नावाची फाइल न तपासता उडवत असे. जुलै २०१८ च्या ४.९.७ मध्ये हे दुरुस्त झालं. प्लगइनमध्ये मात्र याच जातीची चूक अजूनही सापडते, त्यामुळे तीही अपडेट ठेवा आणि न वापरलेली ऑथर खाती बंद करा.

सगळ्यात जास्त फसगत परवानग्यांबाबत होते. कॉन्फिग फाइलला ४०० परवानगी (फक्त मालकाला वाचता येईल अशी) दिली की ती सुरक्षित, असं समजलं जातं. लिनक्सवर फाइल डिलीट करण्याचा हक्क फाइलच्या नाही, तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या परवानगीवर ठरतो. पीएचपी ज्या युजरने चालतं त्याला त्या फोल्डरमध्ये लिहिता येत असेल, तर ४०० असूनही फाइल जाते. फाइल एक फोल्डर वर हलवली तरी तोच नियम. त्यामुळे मूळ फोल्डरची मालकी वेगळ्या युजरकडे द्या आणि पीएचपीला फक्त अपलोड फोल्डरमध्ये लिहू द्या. यात डॅशबोर्डवरून होणारे अपडेट बंद पडतील, ते कमांड लाइनवरून करावे लागतील. तेवढा त्रास सोसण्यासारखा आहे.

स्वतः कोड लिहीत असाल, तर फाइलच्या नावातून '../' (एक फोल्डर वर जाण्याची खूण) एकदा काढून थांबू नका. '....//' मधून मधला '../' काढला की उरतं पुन्हा '../'. फक्त फाइलचं नाव हवं असेल तर पीएचपीचं बेसनेम (basename) फंक्शन वापरा. पूर्ण पाथ हवा असेल तर रिअलपाथ (realpath) फंक्शनने खरा पाथ काढून तो अपलोड फोल्डरने सुरू होतो का ते पाहा. तुलनेत फोल्डरच्या नावाच्या शेवटचा स्लॅश विसरलात, तर 'अपलोड-जुने'सुद्धा 'अपलोड' म्हणून पास होईल. रिअलपाथ फॉल्स देत असेल, म्हणजे तसा पाथ सापडला नाही, तर तिथेच थांबा.

फाइल गेलीच असेल, तर आधी सर्व्हरवरून साइट बाहेरच्यांसाठी बंद करा आणि लॉगची (सर्व्हरवर आलेल्या विनंत्यांच्या नोंदींची) प्रत काढा. लॉगमध्ये पोस्ट (POST, म्हणजे फॉर्म वगैरे पाठवणाऱ्या) विनंतीतला मजकूर सहसा नसतो, त्यामुळे वेळ आणि खातं जुळवून शोधावं लागतं. कॉन्फिग परत आलेली दिसली आणि साइट रिकामी असली, तर डेटा गेला असं समजून घाबरू नका. आत डेटाबेसचा होस्ट पाहा. तो अनोळखी असेल, तर तुमचा डेटाबेस बहुधा आपल्या जागी शाबूत आहे, पण सर्व्हरवर परका कोड आलाय असंच धरून चाला. बॅकअपमधली फाइल ठेवा, डेटाबेसचा पासवर्ड आणि कॉन्फिगमधल्या आठही सुरक्षा कळा (लॉगिन सुरक्षित ठेवणारे गुप्त मजकूर) बदला, वर्डप्रेस आणि प्लगइनच्या फाइल्स नव्याने टाका आणि अपलोडमध्ये पीएचपी फाइल शोधा. त्रुटी बंद केल्यावरच साइट उघडा.