‘प्रे’मध्ये बंद दारापलीकडे कसे जावे

‘प्रे’ नावाचे दोन गेम आहेत. २००६चा गेम सर्वस्वी वेगळा. हे मार्गदर्शन अर्केन स्टुडिओजच्या २०१७ सालच्या गेमसाठी आहे. चंद्राभोवती फिरणाऱ्या टॅलोस-१ या अवकाशस्थानकावर टायफॉन जातीचे परजीव म्हणजे पृथ्वीबाहेरचे जीव मोकाट सुटलेले असतात आणि मॉर्गन यू या शास्त्रज्ञाच्या भूमिकेत आपण तिथे अडकलेलो असतो.

पहिल्यांदा खेळताना काठिण्यपातळी नॉर्मल ठेवा. एकाच टेबलावर दोन सारखे कप दिसले तर जवळ जाण्याआधी पाना उगारा, कारण मिमिक हा छोटा टायफॉन आसपासच्या वस्तूचे रूप घेतो. ग्लू कॅनन या घट्ट होणाऱ्या फेसाचे गोळे मारणाऱ्या बंदुकीने त्याला थिजवून पान्याने फोडावे. त्याच्यावर गोळ्या खर्चू नयेत. सापडेल तो भंगारमाल रिसायकलरमध्ये टाकून त्याचा कच्चा माल करून घ्यावा.

खरी कसोटी बंद दारापाशी लागते. इथे बहुतेक जण इंटरनेटवर कोड शोधण्याचा सल्ला देतात, आणि तो सल्ला मला अजिबात पटत नाही. कोड ठरलेले असल्याने दार उघडेल हे खरे, पण एका अडचणीला अनेक वाटा ठेवणे हाच इमर्सिव्ह सिम या गेमप्रकाराचा प्राण आहे आणि तोच आपण गमावून बसतो. मलाही हा टप्पा बराच काळ जड गेला. नजर दारावरून हटवून भिंतीवर आणि छताकडे नेली, तेव्हाच वाटा दिसू लागल्या.

दारासमोरून मागे सरा आणि खोलीभोवती पूर्ण फेरी मारा. वर माळा, कठडा किंवा हवेच्या झोताची जाळी दिसली, तर ग्लू कॅननने भिंतीवर पायऱ्या करता येतात. पहिला गोळा गुडघ्याच्या उंचीवर मारा, पुढचा त्याच्या वर पण थोडा बाजूला, आणि असेच डावी-उजवीकडे सरकत वर जा. सरळ एकावर एक गोळे मारू नका. वरचा फुगवटा डोक्याला अडतो आणि उडी वाया जाते. प्रत्येक गोळ्यावर उभे राहूनच पुढचा मारावा आणि चढण्याआधी सेव्ह करावे, कारण उंचावरून पडल्यास इजा होते.

खिडकीला फट असेल आणि आत संगणकाचा पडदा दिसत असेल, तर हंट्रेस बोल्टकास्टर हे खेळण्यातले धनुष्य काढा. त्याच्या फोमच्या बाणाने कोणाला दुखापत होत नाही, पण पडद्यावरचे बटण मात्र दाबले जाते. त्यामुळे आतील संगणकावर दार उघडण्याची सोय असेल तर बाहेर उभे राहूनच काम होते. यासाठी बाण थेट बटणावर बसायला हवा, म्हणून पडद्याच्या तिरक्या बाजूला न राहता अगदी समोर उभे राहावे.

दारात जड पेटारा आडवा असेल तर ताकद वाढवणारा न्यूरोमॉड, म्हणजे नवे कौशल्य देणारे उपकरण, उपयोगी पडतो. टायफॉन शक्तींपैकी मिमिकची शक्ती घेतली, तर स्वतः कप होऊन फटीतून घरंगळत आत जाता येते. मात्र टायफॉनचे न्यूरोमॉड मोजकेच घ्यावेत, कारण ते वाढत गेले की स्थानकावरील स्वयंचलित बंदुका आपल्यालाच परजीव समजून गोळीबार करू लागतात.