वही, गल्ला आणि क्यूआर कोड: छोट्या दुकानाने डिजिटल व्यवहार आणि नासाडीमुक्त धंदा एकत्र कसा सुरू करावा

माझ्या आत्याचे नाशिकच्या पंचवटीत नाश्त्याचे छोटे दुकान आहे. क्यूआर कोड लावल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात तिची तक्रार अशी होती की विक्री वाढल्यासारखी वाटते, पण हातात पैसा दिसत नाही आणि रात्री पातेल्यात उसळ मात्र रोज उरते. पैसा खात्यात जमा होत होता, त्याच खात्यातून घरचे वीजबिल जात होते, आणि किती प्लेट मिसळ विकली गेली याची नोंद कुठेच नव्हती. उरलेली उसळ आणि न लागणारा हिशेब ही दोन वेगळी दुखणी नव्हती. जे लिहिले जात नाही ते वाया जाते, मग तो पैसा असो वा मटकी. म्हणून डिजिटल व्यवहारांची सुरुवात फोनपासून न करता वहीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी: पंधरा दिवस फक्त लिहा

साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि रोज एक पान वापरावे. त्यावर रोख विक्री, फोनवरून आलेली रक्कम, उधारी, त्या दिवशी आणलेला माल आणि दुकान बंद करताना उरलेला माल एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. उरलेला माल किलोत किंवा नगांत लिहावा. ‘थोडे उरले’ अशी नोंद पुढे कामाची नसते. गल्ल्यातून घरखर्चासाठी काढलेली नोटसुद्धा लिहावी, कारण बहुतेक दुकानांचा हिशेब तिथेच फसतो.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात तारखेबरोबर तिथी आणि हवामान लिहावे, हा माझा खास आग्रह आहे. यूपीआयचे ॲप तुम्हाला रक्कम आणि वेळ अचूक दाखवते, परंतु त्या दिवशी एकादशी होती, गोदावरीला पाणी आल्याने रामकुंडाकडे वर्दळ नव्हती किंवा श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला जाणारी गर्दी पहाटेच येऊन गेली, हे त्याला ठाऊक नसते. एकादशीला मिसळ कमी आणि साबुदाण्याची खिचडी जास्त जाते हे दुकानदाराला माहीत असतेच. किती कमी आणि किती जास्त, हे मात्र वहीच सांगते.

दुसरी पायरी: खाते वेगळे करा, मग कोड लावा

धंद्यासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे. छोट्या विक्रेत्याला उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, करून घेता येते; २०२० पासून ती ऑनलाइन होते आणि सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे, त्यामुळे तिच्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. त्यानंतर बँकेकडून किंवा एखाद्या पेमेंट ॲपकडून व्यापाऱ्यासाठीचा क्यूआर कोड घ्यावा. कोड हाती आल्यावर आधी स्वतःच्या दुसऱ्या फोनवरून एक रुपया पाठवून पाहावा, म्हणजे नाव आणि खाते बरोबर आहे याची खात्री होते.

बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय भरण्यावर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही. खर्च येतो तो रक्कम बोलून दाखवणाऱ्या साउंडबॉक्सचा, कारण त्याला बहुधा मासिक भाडे असते. गर्दीच्या दुकानाला तो उपयोगी आहे; दिवसाला दहा-बारा गिऱ्हाइके असतील तर बँकेचा संदेश पाहूनही भागते. भाडे खात्यातून आपोआप वजा होत असल्याने घेतानाच रक्कम विचारून वहीत लिहून ठेवावी.

तिसरी पायरी: पैसे आले की नाही, हे स्वतः पाहा

गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण म्हणजे पावती नव्हे. खोटी खूण दाखवणारी बनावट ॲप्स असतात आणि जुन्या भरण्याचे छायाचित्रही पुढे केले जाते, म्हणून साउंडबॉक्सचा आवाज किंवा आपल्या खात्यातली नोंद हाच पुरावा मानावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, हे वाक्य दुकानातल्या प्रत्येक माणसाकडून पाठ करून घ्यावे. रोज सकाळी दुकान उघडताना कोडवर दुसऱ्या कुणाचे स्टिकर चिकटवलेले नाही ना, हे हात फिरवून पाहावे आणि भवानीचा भरणा आपल्याच खात्यात आला का ते तपासावे. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी तो रोखता येण्याची शक्यता सुरुवातीच्या तासांत सर्वाधिक असते.

कधीकधी गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम जाते आणि आपल्याकडे पोहोचत नाही. अशा वेळी वाद घालू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यापाऱ्याला केलेला असा अडकलेला यूपीआय भरणा व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत जायला हवा, आणि उशीर झाल्यास गिऱ्हाइकाला दररोज १०० रुपये भरपाई मिळते. हे शांतपणे सांगितले तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदाही येते.

रोख बंद करू नये

पेठ, सुरगाणा किंवा हरसूलकडून भाजी घेऊन पहाटे येणारा शेतकरी, साध्या फोनचे आजोबा आणि बाहेरगावचे यात्रेकरू यांच्यासाठी नोटा आणि सुट्टे नेहमी तयार असावेत. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्या नोटेला या शहरातच नकार मिळावा, हे मला मनापासून खटकते. साध्या फोनवरूनही २०२२ पासून ‘यूपीआय १२३पे’ या सोयीने पैसे पाठवता येतात, तेव्हा ज्याला शिकायचे आहे त्याला ती दाखवावी, पण सक्ती नको. सिंहस्थात भाविकांच्या गर्दीने मोबाइलचे जाळे मंदावू शकते हे धरून दुसऱ्या कंपनीचे सिम आणि गल्ल्यात पुरेसे सुट्टे ही तयारी आधीच करून ठेवावी.

चौथी पायरी: नोंदींवरून माल ठरवा

खरा फायदा इथून सुरू होतो, म्हणून या पायरीला वेळ द्यावा. महिनाभराने ॲपमधील व्यवहारांची यादी उघडून कोणत्या तासाला किती भरणे आले ते वहीच्या पानाशेजारी ठेवून पाहावे. समजा, सकाळी आठ ते अकरा या वेळात दिवसाची बरीचशी विक्री होते आणि साडेबारानंतर ती गळते, तर सगळी उसळ पहाटे एकदाच शिजवण्याऐवजी दोन घाणे करावेत आणि दुसऱ्या घाण्याचे माप दहाच्या सुमारास गर्दी पाहून ठरवावे. मटकी भिजवणे मात्र आदल्या रात्रीच करावे लागते, त्यामुळे तिचे माप मागच्या चार आठवड्यांतल्या त्याच वाराच्या विक्रीवरून काढावे. आत्याने हे करायला घेतले तेव्हा पहिल्या आठवड्यात दोनदा उसळ कमी पडली आणि ती वैतागली. तिसऱ्या आठवड्यापासून पातेले रिकामे होऊ लागले. पावाची लादी, दही, कोथिंबीर आणि गॅस यांचाही असाच हिशेब मांडता येतो. किराणा दुकानात याच पद्धतीने मुदत संपत आलेला माल महिनाभर आधी लक्षात येतो.

पाचवी पायरी: पिशवी, पेला आणि कचरा

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये दंड होतो. कापडासारख्या दिसणाऱ्या अनेक पिशव्या प्रत्यक्षात प्लास्टिकच्याच असतात आणि कागदी पेल्यालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून घाऊक खरेदी करताना विचारून घ्यावे. बसून खाणाऱ्यांसाठी स्टीलच्या ताटल्या आणि काचेचे ग्लास, घरी नेणाऱ्यांसाठी स्वतःचा डबा आणल्यास दोन-तीन रुपयांची सूट, एवढी व्यवस्था पुरते. ओला आणि सुका कचरा घंटागाडीत वेगवेगळाच द्यावा. तळणीचे वापरलेले तेल गटारात ओतू नये. ते शेवटी नदीकडेच जाते.

सहावी पायरी: कर्ज आणि कर

फोनवर पैसे घेतले की कर लागतो, ही भीती मला जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐकू येते. कर उलाढालीवर आणि उत्पन्नावर ठरतो, पैसे कोणत्या मार्गाने आले यावर नव्हे. वस्तूंच्या विक्रीत वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांवर आणि सेवेत २० लाख रुपयांवर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. खाणावळ आणि नाश्त्याचे दुकान सेवेत मोडते, हे अनेकांना उशिरा कळते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या व्यापाऱ्यांना यूपीआयच्या नोंदींवरून नोटिसा गेल्या तेव्हा ज्यांनी वही ठेवली होती त्यांच्याकडे उत्तर देण्याचे साधन होते, कारण खात्यात येणारी प्रत्येक रक्कम विक्रीचीच असते असे नाही.

उलट अनुमानित कराच्या पद्धतीत, म्हणजे उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरून प्राप्तिकर काढला जातो तिथे, डिजिटल विक्रीला सवलत आहे. रोख उलाढालीच्या ८ टक्के नफा धरला जातो, तर बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के. १५ लाखांची विक्री पूर्णपणे रोख असेल तर १,२०,००० रुपये आणि पूर्णपणे डिजिटल असेल तर ९०,००० रुपये उत्पन्न धरले जाते.

रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतून आता पहिल्या टप्प्यात १५,००० रुपयांपर्यंत, मग २५,००० आणि नंतर ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते, वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के अनुदान मिळते आणि डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅकही मिळतो. त्यासाठी महापालिकेचे फेरीवाला प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागते, तेव्हा आधी विभागीय कार्यालयात आपले नाव यादीत आहे का ते पाहावे. या कर्जातून झाकणाचे मोठे पातेले, कमी वीज घेणारा फ्रिज किंवा ताटल्यांचा संच घ्यावा. जुनी उधारी फेडण्यात ते घालवू नये.

दर महिन्याच्या एक तारखेला, दुकान उघडण्यापूर्वी अर्धा तास काढून बँकेचे विवरण आणि वही शेजारी ठेवावी. साउंडबॉक्सचे भाडे, घरखर्चाची उचल आणि थकलेली उधारी वेगळी काढावी, महिनाभरात फेकलेल्या मालाची किंमत शेवटच्या ओळीत लिहावी आणि तो आकडा मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून त्या आठवड्याची मटकी भिजवावी.